आधी नाक, मग आकडा

बेल्जियन स्ट्राँग गोल्डन एल चाखायची, तिला गुण द्यायचे, तेही पॅनेलवरच्या जुन्या खोडांसमोर, म्हणून तुझ्या पोटात गोळा आलाय. येऊ दे. फूड टेक करून अकोल्याहून पुण्याच्या ब्रुअरीत नोकरी मिळवणारी पोरगी चार घोटांना काहून घाबरते बाप्पा? खरं सांगू का, या कामात जिभेपेक्षा नाक आणि पेन जास्त चालतं. तुझी दोन्ही धड आहेत.

आधी समोर काय येणार आहे ते समजून घे. बेल्जियममधल्या ब्रेंडॉन्क गावची मोर्टगाट ही ब्रुअरी 1871 सालची. तिची ड्युव्हेल हाच या प्रकाराचा नमुना धरतात. पहिल्या महायुद्धानंतर ती व्हिक्टरी एल म्हणून निघाली. मग गावातल्या एका जोडे शिवणाऱ्याने चव घेतली आणि ‘हा तर खरा सैतान!’ म्हणाला, म्हणून 1923 मध्ये तेच नाव ठेवलं, अशी गोष्ट सांगतात. एका वाक्यात मोकळा झाला बिचारा, त्याला पन्नासपैकी गुण द्यायचे नव्हते. तेव्हा ती गडद होती, आजचा सोनेरी रंग 1970 च्या सुमाराचा.

ड्युव्हेलमध्ये अल्कोहोल 8.5 टक्के. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत स्ट्राँग बिअर 8 टक्क्यांवर थांबते आणि बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची मार्गदर्शिका या प्रकाराला 7.5 ते 10.5 टक्के सांगते. म्हणजे बघ, आपल्या ब्रुअरला मधली अर्ध्या टक्क्याची बोळच मोकळी. शनिवारच्या पॅनेलवर तुमची बॅच आणि कुणीतरी परदेशातून आणलेल्या बाटल्या शेजारीशेजारी आल्या, तर तुमची थोडी हलकी लागेलच. तेवढ्यासाठी तिचे गुण कापू नकोस. (सामानातून 2 लिटर आणता येतं, आणि 330 मिलीच्या सहा बाटल्या त्यात बरोब्बर बसतात. हा हिशेब ज्याने पहिल्यांदा केला तो नक्की वऱ्हाडी असणार.)

आता एक गंमत ऐक, हिच्यावर तुझी अर्धी शीट लिहून होईल. या बिअरमध्ये साखर घालतात आणि त्यामुळे ती कमी गोड होते! माल्टमधली काही साखर यीस्टला पचत नाही, ती मागे राहते आणि बिअर जड, गोडसर लागते. साधी साखर मात्र यीस्ट पुरती फस्त करतं. अल्कोहोल वाढतं, अंग हलकं राहतं, रंगही फिकटच. म्हणून घोट उतरल्यावर तोंड कोरडं आणि स्वच्छ व्हायला हवं. गोडवा रेंगाळला तर गाडी कुठेतरी अडकली समज आणि तसंच लिही.

दुसरं म्हणजे वास. नासपाती, संत्रं, थोडं सफरचंद, मागून मिरे. यातलं काही सहसा बिअरमध्ये घातलेलं नसतं, बहुतेक सगळं यीस्टचं कर्तृत्व. पुस्तकातली परदेशी फळांची यादी पाठ करत बसू नकोस गं, तुझ्या नाकाला माहीत आहे ते काढ. आज संध्याकाळी एवढं कर. वरूड-मोरशीचं संत्रं मिळालं तर उत्तम, नाहीतर मंडईतलं चालेल. सालीला नाकाजवळ नख लाव. तो बारीक फवारा उडतो ना, बोटं चिकट होतात आणि डोळ्याला चुरचुरतं, तो वास डोक्यात बसव. मग पांढरी आतली साल चोळ, तिचा वास वेगळा आणि कडवट. दोन मिरे पाट्यावर ठेचून बघ, एक लवंग चाव, पिकून काळे ठिपके पडलेलं केळं सोल. लवंग किंवा केळं या बिअरमध्ये फार पुढे आलं तर ते या प्रकारातलं नाही, दुसऱ्याच बिअरचं. हे ओळखता आलं की अर्धं पॅनेल तुझ्याकडे वळून बघेल.

शीट पन्नास गुणांची. वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकूण परिणामाला 10. दिसण्याला तीनच, तरी नवी माणसं रंगावर दोन ओळी खर्च करतात. पांढरा, दाट, उंच फेस आला का, तो टिकला का, खाली बसताना काचेवर जाळी सोडली का, एवढं बघ आणि पुढे हो. फेस झटकन मेला तर बिअरला दोष देण्याआधी ग्लास तपास, भांड्याच्या साबणाचा अंश राहिला की बिचाऱ्या फेसाचा जीवच जातो. बाटली बर्फासारखी थंड असेल तर ग्लास तळव्यांत धरून थोडी थांब, गारठलेल्या बिअरला वास येत नाही. आणि ओतल्या ओतल्या नाक लाव, कारण हलके वास आधी उडून जातात.

शब्द आधी लिही, आकडा नंतर. माझ्या पहिल्या शीटवर सगळ्या रकान्यांत ‘छान’, ‘मस्त’ एवढंच होतं आणि खाली ठणठणीत 46. ब्रुअरने विचारलं, लग्नातल्या जेवणाचा अभिप्राय आहे का हा? 45 च्या वर म्हणजे जगात नावाजावी अशी बिअर, बाई. 38 ते 44 सुद्धा उत्कृष्टच. आणि तुला आवडली का, हा प्रश्न शीटवर कुठेच नाही. मला स्वतःला ही जात फारशी आवडत नाही, मी आपली साध्या विटबिअरवाली, तरी तिला 40 देताना माझा हात थरथरत नाही.

दोषांचं म्हणशील तर चार ओळखलेस तरी पुरे. लोण्याचा वास, उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास, नेलपॉलिश आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. शेवटचा शिळेपणाचा, आणि उष्णतेने तो लवकर येतो. म्हणून तुझ्या दादाला मे महिन्यात अकोल्याला बाटली घेऊन जाऊ देऊ नकोस. पंचेचाळीस अंशांत गाडीच्या डिकीत पडलेली बिअर पुठ्ठाच देणार. घशात जाळ झाला तर तेही लिही. अल्कोहोलची ऊब चालते, जाळ नाही चालत.

आता आईचं. ‘गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी घेतली अन् दारूच्या कारखान्यात गेली’, हे वाक्य तुला झोपू देत नाही, हो ना? हसून उडवू नकोस गं. बाबांनी दारूविरुद्ध कीर्तनं केली ती आपल्याच गावोगावी, आणि आपल्याकडे दारूने किती घरं बसली हे आईने डोळ्यांनी पाहिलंय. गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाया आपल्याच. तिचा राग खरा आहे. तिला पटवायला जाऊ नकोस. नोकरी काय आहे ते सरळ सांग, ब्रुअरी हा शब्द लपवू नकोस आणि घरी बाटली नेऊ नकोस. एवढ्याने वाद मिटणार नाही, पण खोटं बोलायची वेळ येणार नाही.

आणि माझ्यावरही एक उपकार कर. ड्युव्हेलच्या त्या छोट्या बाटलीत साधारण 28 मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे 30 मिलीच्या व्हिस्कीच्या दोन पेगांपेक्षा थोडं जास्तच. हलकी लागते म्हणून फसतात लोक. पॅनेलवर तुझ्या वाट्याला नमुन्याचे थोडे थोडे घोटच येतील, तरी उपाशी जाऊ नकोस. पोळी-भाजी खा. ठेचा आणि लसूण रात्री खा, आधी नको. अत्तर, गजरा, वासाची हँडक्रीम काही लावू नकोस. दारू पिण्याचा परवाना काढलास का? नसेल तर आजच काढ. स्कूटी घरी ठेव आणि रिक्षाने जा. शीटचा फोटो रात्री मला पाठव, कुठे ‘छान’ दिसलं तर लाल पेनाने खोडेन.