दार ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची

डिसेंबर २०२०. तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त सुरू झाले होते आणि पुण्याच्या एका उपनगरातल्या मंगल कार्यालयात माझ्या पुतणीचं लग्न धरलं होतं. लस अजून यायची होती. दोन्हीकडची मिळून ५० माणसं हा नियम आम्ही काटेकोर पाळला. सख्ख्या आत्या-मावशीला ‘घरूनच अक्षता टाका’ असं सांगताना दादाचा आवाज कापत होता. कार्यालयाने मात्र त्याच मुहूर्तावर वरच्या हॉलमध्ये दुसरं लग्न घेतलं आणि दोन्ही लग्नांच्या पंगती तळमजल्यावरच्या एकाच भोजनगृहात बसवल्या.

दारावर नोंदवही होती. मी सही करायला वाकलो, तर माझं नाव आधीच लिहिलेलं आणि समोर तापमानही भरलेलं. आम्ही पाठवलेली पाहुण्यांची यादी कुणीतरी एकटाकी उतरवून काढली होती आणि प्रत्येकापुढे सत्त्याण्णवच्या आसपासचा आकडा टाकला होता. ताप मोजायचं यंत्र टेबलाच्या खणात होतं. भोजनगृहाच्या खिडक्यांवर जरीचे पडदे खिळ्यांनी ठोकलेले, एसी चालू. खिडक्या उघडा म्हणून मी मॅनेजरला सांगितलं. “काका, डेकोरेशनवाल्याचं काम आहे, हात लावता येत नाही,” एवढंच उत्तर मिळालं. मठ्ठा वाढणारा मुलगा मान वळवून खोकत होता, मास्क हनुवटीखाली. बरं नाही का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, “अंग मोडून आलंय, पण नाही आलो तर खाडा पडतो.”

त्यानंतरच्या आठवड्यात वहिनींना ताप आला, मग धाप लागू लागली. ऑक्सिजनवर राहून संक्रांतीच्या सुमाराला त्या घरी आल्या. संसर्ग नेमका कुठे झाला हे सिद्ध करणं अवघड, आणि मी तसा दावाही करत नाही. पण कार्यालयाला फोन केला तेव्हा ‘आमच्याकडे कुणीच आजारी नाही’ असं ठणकावून सांगण्यात आलं. वाढप्यांपैकी काहीजण तापाने घरी पडून होते, हे आम्हाला पुढे आचाऱ्याकडून कळलं. वरच्या लग्नातल्या माणसांना कळवायचं तर त्यांचे नंबर फक्त कार्यालयाकडे होते.

पाहुणा स्वतःचा मास्क सांभाळू शकतो, हात धुऊ शकतो. खिडकी, दार, पंगतीतलं अंतर, किती लग्नं घ्यायची आणि आजारी कामगाराला सुट्टी द्यायची की नाही, हे सगळं जागेच्या मालकाच्या हातात असतं. चीनमधल्या ग्वांगझो शहरातल्या एका रेस्टॉरंटचा अभ्यास खूप गाजला होता. २४ जानेवारी २०२० रोजी तिथे जेवायला बसलेल्या एका बाधित व्यक्तीसह शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले मिळून १० जण आजारी पडले. त्या मजल्याला उघड्या खिडक्या नव्हत्या आणि एसीचा झोत तीच हवा त्या टेबलांवरून फिरवत होता. तिथे पाहुण्यांनी काय करायला हवं होतं?

आपल्या सरकारनेही हे ओळखलं होतं. नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात नियम मोडणाऱ्या माणसाला ५०० रुपये दंड होता, पण तो ज्या आस्थापनेत मोडला गेला तिला १०,००० आणि आस्थापनेनेच नियम धाब्यावर बसवले तर ५०,०००. दंडाचा हा चढता क्रम मला अगदी रास्त वाटतो. एप्रिल २०२२ मध्ये निर्बंध उठले. पण त्याआधी २००९ मध्ये याच पुण्याने स्वाइन फ्लू पाहिला होता आणि १८९७ चा साथरोग कायदा प्लेगच्या साथीतून आला, म्हणून पुन्हा अशी वेळ येणारच नाही असं धरून चालू नका.

ती येईल तेव्हा कार्यालयाची, हॉटेलची ॲडव्हान्स देण्याआधी जागेवर जा आणि पडदा बाजूला सारून खिडकी उघडते का ते स्वतः बघा. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळतं. बाहेरच्या हवेत आकडा ४२० च्या आसपास असतो, बंद हॉलमध्ये तो हजाराच्या वर गेला की बाहेरची हवा पुरेशी येत नाही असं समजा. त्याच वेळेत दुसरं कार्य घेणार का, भोजनगृह सामाईक आहे का, हे विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या, तोंडी आश्वासनाला पुढे कुणी धनी उरत नाही. साथीमुळे कार्य पुढे ढकललं किंवा रद्द झालं तर पैसे कसे परत मिळणार, तेही त्याच कागदावर हवं. पैसे अडकलेत म्हणूनच कित्येक घरांनी अंगात ताप असताना कार्यं उरकली.

कार्यालय चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आजारी वाढप्याचा रोज कापू नका. एका मुलाचा दिवसाचा रोज तुमच्या फुलांच्या कमानीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो, आणि तो मिळणार असेल तर तो मुलगा लपवणार नाही. नोंदवही खरी भरा, पाहुण्यांचे नंबर निदान दोन आठवडे जपून ठेवा. कुणी आजारी निघालं तर त्या दिवशी आलेल्या प्रत्येक घराला त्याच संध्याकाळी फोन करा. नाव सांगायची गरज नाही. ‘आमच्याकडे एकजण बाधित आहे, तपासणी करून घ्या,’ एवढं पुरे.