घटक ४ : कादंबरीची निवड – प्रकार, संकेत आणि वाचकाची रुची

४.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• 'कादंबरी' या संज्ञेचा उगम आणि अद्भुतरम्यतेशी असलेले तिचे नाते सांगता येईल.
• कादंबरीच्या प्रमुख प्रकारांमागील संकेत स्पष्ट करता येतील.
• स्वतःच्या रुचीचा शोध घेऊन वाचनासाठी कादंबरी निवडता येईल.
• नेमलेल्या कादंबरीकडे योग्य अपेक्षेने वळता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण कादंबरीचे घटक अभ्यासले. कथानक, पात्रचित्रण, वातावरण आणि निवेदन यांचा परिचय आपणांस झाला आहे. या घटकात आपण एका साध्या, परंतु अभ्यासक्रमात क्वचितच विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे वळणार आहोत : कोणती कादंबरी वाचावी आणि ती कशी शोधावी?

संपर्कसत्रांत अनेक विद्यार्थी संकोचाने सांगतात, "सर, मला कादंबरी वाचवत नाही. वीस-पंचवीस पानांनंतर पुस्तक मिटले जाते." नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून रात्री तासभर वाचणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याने यावरून 'साहित्य हा आपला प्रांत नव्हे' असा निष्कर्ष काढला, तर त्याचे शिक्षण तेथेच अडते. बहुतेक वेळा हा निष्कर्ष चुकीचा असतो. वाचकाची पात्रता कमी पडलेली नसते. वाचकाची अपेक्षा आणि कादंबरीचा प्रकार यांची गाठ पडलेली नसते. ही गाठ कशी घालावी, हे शिकता येते. या घटकाचे प्रतिपादन एवढेच आहे.

४.२ विषय विवेचन

४.२.१ 'कादंबरी' ही संज्ञा

इंग्रजीतील 'नॉव्हेल' या शब्दाच्या मुळाशी 'नवीन' हा अर्थ आहे. गुजरातीने 'नवलकथा' हा शब्द घडविला. हिंदी आणि बंगालीने 'उपन्यास' स्वीकारला. मराठीने (आणि कन्नडनेही) एका विशिष्ट ग्रंथाचे नावच साहित्यप्रकाराला दिले. सातव्या शतकातील संस्कृत गद्यकार बाणभट्ट याच्या कथेचे 'कादंबरी' हे नाव, आणि ते त्या कथेच्या नायिकेचेही नाव होय. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याचे हे एक ठळक उदाहरण आहे.

या ग्रंथाचे स्वरूप पाहा. शूद्रक राजाच्या दरबारात आणलेला एक पोपट कथा सांगू लागतो. त्या कथेतून दुसरी कथा निघते. चंद्रापीड आणि कादंबरी, पुंडरीक आणि महाश्वेता या दोन युगुलांचे प्रेम एका जन्मात पूर्ण होत नाही. शाप, मृत्यू आणि पुनर्जन्म ओलांडून ते सफल होते. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ही एकाच वेळी अद्भुतरम्य कथा आणि प्रणयकथा आहे. म्हणजे मराठीत ज्या नावाने आपण सर्व कादंबऱ्यांना ओळखतो, ते नावच अद्भुत आणि प्रणय यांच्या संगमातून आले आहे. म्हणून या दोन प्रकारांची आवड असणाऱ्या विद्यार्थ्याने ती लपविण्याचे कारण नाही.

४.२.२ प्रकार म्हणजे संकेत

कादंबरीचा 'प्रकार' हे केवळ वर्गीकरणाचे लेबल नव्हे. लेखक आणि वाचक यांच्यातील तो एक अलिखित करार असतो. प्रत्येक प्रकार पहिल्या काही पानांतच एक प्रश्न निर्माण करतो आणि त्या प्रश्नाला न्याय देण्याचे वचन देतो. वाचक ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी उत्सुक आहे तो प्रश्न कादंबरीने विचारलेलाच नसेल, तर उत्तम कादंबरीही कंटाळवाणी वाटते. रहस्याची अपेक्षा धरून ग्रामीण जीवनाची संथ कादंबरी उघडणारा वाचक 'काहीच घडत नाही' असे म्हणतो. तेथे बरेच काही घडत असते. तो ज्या दिशेने पाहत असतो त्या दिशेला मात्र घडत नसते.

४.२.३ प्रमुख प्रकार आणि त्यांचे प्रश्न

(अ) अद्भुतरम्य कादंबरी : 'जग असे असते तर?' हा या प्रकाराचा प्रश्न. मराठी कादंबरीच्या आरंभकाळात बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' (१८५७) विधवांच्या स्थितीचे सामाजिक चित्र घेऊन आले, तर लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या कादंबरीने अद्भुताची वाट रूढ केली. पुढे नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने वाचकांना दीर्घकाळ मोहिनी घातली. हरिभाऊ आपटे यांच्यापासून वास्तवदर्शन हा श्रेष्ठतेचा निकष होत गेला आणि प्रौढांसाठीची शुद्ध अद्भुत कादंबरी मराठीत मागे पडली. परंतु अद्भुताची ओढ नाहीशी झाली नाही; तिने घर बदलले. ती पुराणाधारित, भयप्रधान आणि विज्ञानप्रधान कादंबरीत गेली. वि. स. खांडेकर यांच्या 'ययाति'चे (१९५९) उदाहरण घ्या. पित्याने पुत्राचे तारुण्य मागून घ्यावे, ही कल्पना अद्भुतच आहे. मात्र तिच्या आधारे खांडेकरांनी मानवी वासनेचा शोध घेतला. म्हणून अद्भुताची आवड असलेल्या वाचकाने 'अद्भुत' अशी पाटी शोधत बसू नये. या तीन घरांची दारे ठोठवावीत.

(आ) प्रणयप्रधान कादंबरी : 'ही दोन माणसे एकत्र येतील का, आणि त्यासाठी काय गमावतील?' हा येथील प्रश्न. ना. सी. फडके यांनी या प्रकाराला सफाईदार तंत्र दिले. पहिल्या भेटीचे कुतूहल, गैरसमजांची निरगाठ आणि अखेरची उकल यांतून त्यांनी वाचकाला बांधून ठेवले. गौरी देशपांडे यांच्या लेखनात हा प्रश्न पुढे सरकतो : एकत्र आल्यानंतर स्त्रीचे स्वतःचे असे काय उरते? प्रकार तोच राहून प्रश्न खोल कसा होतो, हे पाहण्यासाठी या दोन लेखकांचे वाचन लागोपाठ करावे.

(इ) रहस्य आणि भय : रहस्यकथेचा प्रश्न 'कोणी आणि कसे?' असा असतो. भयकथेचा 'जे समोर आहे ते खरेच आहे का?' असा. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून अनेकांना वाचनाची पहिली सवय लावली. नारायण धारप यांनी मध्यमवर्गीय घराच्या परिचित खोल्यांत भय आणून ठेवले.

(ई) ऐतिहासिक कादंबरी : रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' (१८७१) ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. या प्रकारात शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. पानिपतावर काय झाले, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. तरीही विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) वाचक खाली ठेवत नाही. कारण येथील प्रश्न 'काय झाले?' हा नसून 'ते घडताना माणसांच्या मनात काय चालले होते?' हा आहे. उत्कंठा केवळ अज्ञात शेवटावर अवलंबून नसते, याचा हा पुरावाच होय.

(उ) विज्ञान कादंबरी : 'ही एक गोष्ट शक्य झाली तर बाकीच्या जगाचे काय होईल?' हा येथील प्रश्न. जयंत नारळीकर यांची 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' या कादंबऱ्या त्यासाठी वाचाव्यात. भाषा सोपी, वाक्ये सरळ आणि विचार नेमका असल्याने नव्या वाचकालाही त्या सुलभ वाटतात.

(ऊ) सामाजिक व प्रादेशिक कादंबरी : 'ही माणसे अशी का जगतात?' हा प्रश्न येथे असतो. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) ही उदाहरणे. येथे घटनांपेक्षा माणसांकडे आणि त्यांच्या बोलीकडे कान लावावा लागतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
योग्य पर्याय निवडा.
१. 'मोचनगड' ही कादंबरी कोणत्या प्रकारची आहे? (सामाजिक / ऐतिहासिक / विज्ञान)
२. 'मुक्तामाला'चे लेखक कोण? (बाबा पदमनजी / लक्ष्मणशास्त्री हळबे / नाथमाधव)
३. 'कादंबरी' हे नाव मूळ कोणाच्या ग्रंथाचे? (कालिदास / बाणभट्ट / भवभूती)

४.२.४ रंजकता आणि श्रेष्ठता

'रंजक ते हलके आणि कंटाळवाणे ते श्रेष्ठ' अशी एक समजूत विद्यार्थ्यांत आढळते. साहित्याचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो?' ही मराठीतील महत्त्वाची सामाजिक कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. नियतकालिकाचे नावच 'करमणूक'! पुढच्या अंकाची वाट पाहायला लावणे हे क्रमशः लेखनाचे पहिले काम, आणि ते करता करताच बालविवाह व वैधव्य यांचे दुःख त्यांनी घराघरांत पोहोचविले. रंजकता ही गांभीर्याची शत्रू नसते. ती गांभीर्यापर्यंत नेणारी वाट असू शकते.

याचा अर्थ सर्व कादंबऱ्या समान मोलाच्या आहेत, असा नव्हे. काही कादंबऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळताच संपतात. काही उत्तर मिळाल्यानंतरही मनात राहतात. हा फरक ओळखायचा असेल तर एक कसोटी लावावी : शेवट ठाऊक झाल्यावर हे पुस्तक मी पुन्हा वाचेन का? दोन्ही प्रकारची पुस्तके वाचावीत. मात्र आपण कोणते पुस्तक कशासाठी वाचतो आहोत, हे जाणून वाचावे.

४.२.५ निवडीची पद्धत

पायरी पहिली – स्वतःचा प्रश्न ओळखणे. आपणांस अलीकडे भावलेली एक कथा आठवा. ती चित्रपट, मालिका, नाटक किंवा आजीने सांगितलेली गोष्टही असू शकेल. तिच्यात आपणांस कशाने धरून ठेवले? वरील सहा प्रश्नांपैकी जो तिला लागू पडेल, तो आपला सध्याचा प्रश्न.

पायरी दुसरी – ग्रंथालयात शोध. दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयांत मराठी कथात्मक साहित्याला ८९१.४६३ हा क्रमांक दिलेला असतो. रहस्य, प्रणय, इतिहास सारे त्याच क्रमांकाखाली येते. त्यामुळे कपाटावरून प्रकार कळत नाही. पुस्तक हाती घ्यावे. मलपृष्ठावरील मजकूर वाचावा, परंतु तो जाहिरातीचा भाग असतो हे विसरू नये. आतील पानावर प्रथमावृत्तीचे वर्ष, पुनर्मुद्रणे, तसेच 'अनुवाद' किंवा 'रूपांतर' असा उल्लेख पाहावा. शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के असलेली चिठ्ठी असेल, तर तिच्यावरून पुस्तक किती हातांतून गेले ते कळते. आणि ग्रंथपालांना निःसंकोच विचारावे; मात्र 'चांगले पुस्तक द्या' असे न म्हणता 'मला अमुक आवडले, तसे काही आहे का?' असे विचारावे.

पायरी तिसरी – भाषेची चाचणी. पहिली दहा पाने आणि मधले कोणतेही एक पान वाचावे. वाक्ये किती लांब आहेत? संवाद अधिक की वर्णन? संवाद बोलीत आहेत का? 'धग'मधील वऱ्हाडी संवाद कोकणातील किंवा मुंबईतील वाचकाला आरंभी अडखळवतात. अशा वेळी काही पाने मोठ्याने वाचावीत. डोळ्यांना अनोळखी वाटणारी बोली कानाला लवकर कळते. ही अडचण आकलनाची नसून परिचयाची असते आणि काही पानांनंतर ती पुष्कळशी सरते.

पायरी चौथी – शेजारचे पुस्तक. एक पुस्तक आवडले की त्यातील एकच गोष्ट बदलून पुढचे निवडावे. काही जोड्या पाहा. सुहास शिरवळकर यांची 'दुनियादारी' आवडली असेल, तर भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) घ्यावी : दोन्हींत पुण्यातील महाविद्यालयीन तरुण आहे, परंतु मैत्रीच्या रंगतीऐवजी दुसरीत रितेपणा आहे. 'पानिपत' नंतर रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) वाचावी : १७६१ च्या पराभवानंतर पेशवेपदी आलेल्या माधवरावांची ती कथा आहे. 'ययाति' नंतर शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' (१९६७) घ्यावी : दोन्हींना महाभारताचा आधार आहे आणि दोन्हींत वेगवेगळी पात्रे स्वतःच्या तोंडून कथा सांगतात. या क्रमाने गेल्यास रुची आपोआप विस्तारते.

पायरी पाचवी – पुस्तक सोडण्याचे स्वातंत्र्य. स्वेच्छेने घेतलेले पुस्तक चाळीस-पन्नास पानांनंतरही जवळ येत नसेल, तर ते परत करावे. त्यात अपराध नाही. काही पुस्तकांना वाचकाच्या आयुष्यातील योग्य वर्षाची वाट पाहावी लागते. नेमलेले पुस्तक मात्र सोडता येत नाही. तेथे पुस्तक न बदलता प्रश्न बदलावा. 'पुढे काय होईल?' हा प्रश्न बाजूला ठेवून 'या कादंबरीने मला कोणता प्रश्न विचारला आहे?' असे स्वतःला विचारावे आणि ते एका वाक्यात वहीत लिहून मग वाचन सुरू करावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी कोणत्या साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली?
२. 'शेजारचे पुस्तक' म्हणजे काय?

४.३ सारांश

'कादंबरी' ही संज्ञा बाणभट्टाच्या अद्भुत-प्रणयकथेवरून मराठीत आली. कादंबरीचा प्रत्येक प्रकार वाचकापुढे एक प्रश्न ठेवतो. वाचकाचा प्रश्न आणि कादंबरीचा प्रश्न जुळला की वाचन रंगते. रंजकता आणि श्रेष्ठता परस्परविरोधी नाहीत. स्वतःच्या रुचीपासून आरंभ करून एकेक पाऊल शेजारच्या पुस्तकाकडे टाकल्यास वाचकाला अनोळखी प्रकारांतही रमता येते.

४.४ पारिभाषिक शब्द

संकेत – लेखक व वाचक यांनी गृहीत धरलेला अलिखित नियम.
निरगाठ – कथानकातील गुंतागुंतीचा परमोच्च बिंदू.
क्रमशः – नियतकालिकातून भागाभागाने प्रसिद्ध होणारे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १. ऐतिहासिक २. लक्ष्मणशास्त्री हळबे ३. बाणभट्ट
प्रश्न – २ : १. ही कादंबरी 'करमणूक' या साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. २. आवडलेल्या पुस्तकातील एकच गोष्ट बदलून निवडलेले पुढचे पुस्तक म्हणजे शेजारचे पुस्तक.

४.६ स्वाध्याय

१. 'कादंबरीचा प्रकार म्हणजे लेखक-वाचकांतील करार होय.' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. अद्भुताची ओढ मराठी कादंबरीत कोणकोणत्या प्रकारांत स्थलांतरित झाली, ते स्पष्ट करा.

उपक्रम : आपल्या गावातील किंवा जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयास भेट द्या. आपला प्रश्न ओळखून एक कादंबरी निवडा. ती पूर्ण वाचल्यास का वाचविली, आणि मध्येच सोडल्यास कोणत्या पानावर व का सोडली, हे दहा ओळींत प्रामाणिकपणे लिहून संपर्कसत्रास आणा. सोडलेल्या पुस्तकाची नोंदही या उपक्रमात तितकीच ग्राह्य धरली जाईल.