कानटोपी घरीच विणा



थंडीत धुळ्याचा पारा कधी ५-६ अंशांवर उतरतो. वीज रात्रीची आली की उसाला बारेही रात्रीच द्यावे लागते. उपरण्यातून वारा शिरतो. लोकरीत हवा कोंडून राहते, म्हणून ऊब टिकते.

नवशिक्यांसाठी रीत: ८ नंबरच्या सुया, मध्यम जाडीची १०० ग्रॅम लोकर. १०० टाके घाला. प्रत्येक ओळीत २ सुलट, २ उलट. ही वीण ताणते नि कानाला घट्ट बसते. टाके फार आवळू नका. ९ इंच झाले की दोन-दोन टाके एकत्र विणा, ५० उरतील. पुढची ओळही तशीच, २५ उरतील. त्यांतून लोकर ओवून आवळा, बाजू शिवा.

पहिली टोपी रात्रभर पाण्यात उभ्या सालदाराला द्या.

— ऊस विकास अधिकारी