वरातीतली हलगी आणि वेदीसमोरची ढोलकी



येत्या २२ नोव्हेंबरला आपण संत सिसिलियाचा सण साजरा करणार आहोत. गायक-वादकांची ही आश्रयदाती संत. तिच्याविषयी परंपरेने चालत आलेली एक आठवण आहे. तिच्या लग्नाच्या दिवशी वाद्ये वाजत होती आणि ती मात्र मनातल्या मनात परमेश्वराला गात होती. पुढे श्रद्धेसाठी तिने प्राण दिले. ही आठवण ऐकताना एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. 'आधी ही वाद्ये बंद करा, मग मी प्रार्थना करते,' असे ती म्हणाली नाही.

यंदा तिच्या सणानिमित्त हा लेख लिहिण्याचे कारण आपल्याच धर्मग्रामात घडले. आपल्या गायनवृंदात ढोलकी वाजवणारा एक तरुण आहे. लग्नसराईत तो बेंजो पार्टीबरोबर जातो आणि वरातीत हलगी वाजवतो. त्या सुपाऱ्यांवर त्याच्या घरातला बराच खर्च भागतो. एका शनिवारी सरावाच्या वेळी कोणीतरी म्हणाले, "रात्री वरातीत हलगी बडवायची आणि सकाळी वेदीसमोर ढोलकी धरायची, हे देवाला चालते का?" तो काही बोलला नाही. त्याने ढोलकी कोपऱ्यात ठेवली आणि तो निघून गेला. त्यानंतर तीन रविवार तो मिस्साला आला नाही.

ते शब्द माझ्यासमोर बोलले गेले होते. मी फक्त "बघू, नंतर बोलू," एवढेच म्हणालो. तेव्हाच बोलायला हवे होते. ती चूक माझी आहे. आता त्या तरुणाच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या संमतीने, ज्यांनी ते शब्द उच्चारले त्यांच्याशीही बोलून, मी हे लिहीत आहे. त्यांच्या मनात वाईट नव्हते, वेदीविषयी आदर होता. म्हणूनच प्रश्न नीट तपासून पाहिला पाहिजे. देवाचे गाणे कोणते आणि जगाचे गाणे कोणते? आणि जगाचे गाणे वाजवणारा हात देवासमोर चालतो का?

गाणे कुठून आले?

आपल्यापैकी अनेकांचे उत्तर सोपे असते. चर्चमध्ये वाजते ते पवित्र, बाहेर वाजते ते ऐहिक. पण जरा मागे जाऊन पाहू. नवरी चर्चमध्ये पाऊल टाकते तेव्हा अनेक ठिकाणी जी धून वाजते, ती जर्मन संगीतकार वॅग्नर यांच्या 'लोहेनग्रिन' या संगीतनाटकातील आहे. त्याचा पहिला प्रयोग १८५० मध्ये झाला. वधूवर बाहेर पडताना वाजणारी दुसरी प्रसिद्ध धून मेंडेलसोन यांनी शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकासाठी १८४२ मध्ये रचली. दोन्ही धुना रंगमंचावरच्या. नाताळच्या कार्यक्रमात आपली मुले हौसेने म्हणतात ते 'जिंगल बेल्स' १८५७ मध्ये अमेरिकेत छापले गेले. बर्फावरून घोडागाडी पळवण्याच्या मजेचे ते गाणे आहे. त्यात येशूचे नाव नाही, नाताळचेही नाही.

वाद्यांचेही तसेच. ज्या ऑर्गनला ख्रिस्तसभा आज मानाचे स्थान देते, त्याचा पूर्वज रोमन साम्राज्यात रिंगणातील जीवघेण्या झुंजींच्या वेळी वाजत असे. आपली पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपात तयार झाली. ती भारतात आली, इथल्या कारागिरांनी तिला हाताच्या भात्यावर चालेल अशी केली, आणि मग ती नाटकात, भजनात, कीर्तनात आणि आपल्या उपासनेतही बसली. तिलाही परके ठरवून झाले आहे. १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीवर तिला बंदी होती.

आता आपल्या मराठीकडे या. इंग्लंडहून गोव्यात आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी प्रभूची कथा मराठीत सांगायचे ठरवले, तेव्हा त्यांनी ओवी निवडली. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ओवी म्हणजे आपल्या आज्या जात्यावर बसून जी म्हणत, तीच. सासरचे दुःख, भावाची वाट, पंढरीची वारी, सगळे तिच्यात मावत होते. त्याच वाटेने पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक चालले. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. त्यांनी अभंगाच्या आणि भजनाच्या चालीवर ख्रिस्ती मराठीला गाते केले.

प्रवाह उलट दिशेनेही वाहिला आहे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथे तयार झालेले अनेक वादक पोटासाठी मुंबईला गेले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. १९२७ चा जन्म, वडील चर्चमध्ये संगीत शिकवणारे. संगीतकार प्यारेलाल हे व्हायोलिन त्यांच्याकडेच शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधले ते प्रसिद्ध नाव शिष्याने गुरूला वाहिलेला मान होता. चर्चमध्ये घडलेले हात चित्रपटासाठी वाजवत होते, आणि त्याबद्दल आपण अभिमानाने बोलतो. मग वरातीत वाजवणाऱ्या आपल्या मुलाबद्दल वेगळा न्याय का?

मग काहीही चालेल का?

नाही. गाण्याचे मूळ पाहून निकाल देता येत नाही, याचा अर्थ निकालच द्यायचा नाही असा नव्हे. मिस्सा हा आपला खाजगी कार्यक्रम नाही. त्यातले गीत ही संपूर्ण ख्रिस्तसभेची प्रार्थना असते, म्हणून तिथे ख्रिस्तसभेचे नियम आहेत. १५६२ मध्ये ट्रेंटच्या महासभेने कामुक आणि अपवित्र संगीत चर्चबाहेर ठेवण्यास सांगितले. १९०३ मध्ये, संत सिसिलियाच्या सणादिवशीच, पोप दहावे पायस यांनी पियानो, ढोल यांसारखी वाद्ये चर्चमध्ये वाजवण्यास मनाई केली. त्या नियमाने आपली ढोलकीही बाहेर राहिली असती. परंतु १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने दार उघडले. प्रत्येक लोकसमूहाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, आणि पवित्र कार्याला शोभतील व भाविकांना उन्नत करतील अशी वाद्ये अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरावीत, असे तिने सांगितले. १९६७ च्या संगीतविषयक सूचनेने त्यात एक अट स्पष्ट केली. सर्वसाधारण समजुतीप्रमाणे जी वाद्ये केवळ ऐहिक संगीतासाठीच आहेत, ती उपासनेत आणू नयेत. पण हे ठरवताना त्या त्या लोकांची संस्कृती ध्यानात घ्यावी.

यातून आपल्यासमोर नेहमी येणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर मिळते. 'फादर, चित्रपटाच्या चालीवर भक्तिगीत बसवले तर?' तरुण मला विचारतात, 'ओवी चालते, मग ही चाल का नाही?' प्रश्न रास्त आहे. फरक असा, की ओवीची चाल कोणा एका शब्दांची नाही. तिच्यावर हजारो जणींनी हजारो गोष्टी गायल्या. चित्रपटाची चाल मात्र एका प्रसंगाला, एका चेहऱ्याला, ठरावीक शब्दांना चिकटलेली असते. अर्पणगीताला ती वाजू लागली, की ओठांवर प्रभूचे नाव आणि डोळ्यांसमोर पडद्यावरचे नृत्य. काळ ही आठवण पुसू शकतो. जर्मनीत हान्स लिओ हासलर यांनी १६०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रेमगीताची चाल पुढे प्रभूच्या काटेरी मुकुटाविषयीच्या स्तोत्राला लागली, आणि आज उपवासकाळात ती ऐकताना कोणालाही ते प्रेमगीत आठवत नाही. पण मागच्या महिन्यात डीजेवर वाजलेली चाल या रविवारपर्यंत विसरली जात नाही. म्हणून मिस्सामध्ये ती नको.

चर्चच्या दाराबाहेर

मिस्साचा एक तास सोडला तर उरलेल्या आठवड्यात आपण काय ऐकावे? परंड्यात राहणाऱ्याने कान बंद करून चालणारच नाही. नवरात्रात आराधी मंडळींची गाणी येतात, संबळ वाजतो, जयंतीच्या मिरवणुका निघतात, शेतात काम करताना मोबाइलवर लावणी लागते. हे सगळे पाप आहे का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास यांनी दिलेली एक पद्धत मला फार उपयोगी पडली. कोणत्याही कृतीची पारख करताना तीन गोष्टी पाहा: ती कृती मुळात काय आहे, ती कोणत्या हेतूने केली जाते, आणि कोणत्या परिस्थितीत. गाण्यालाही हे लावता येते.

पहिले, गाणे काय सांगते? बाईला वस्तू ठरवणारे, दारूचा गौरव करणारे, दुसऱ्या जातीला वा धर्माला हिणवणारे गाणे कितीही ठेक्यात असले तरी ते मनात घाण सोडून जाते. उलट आईची माया, पावसाची वाट, माणसाच्या सन्मानाची हाक सांगणाऱ्या गाण्यात देवाचे नाव नसले, तरी ते देवाच्या विरुद्ध नसते. जे सत्य, शुद्ध, स्तुत्य असेल त्याचा विचार करा, असे संत पौल फिलिप्पैकरांना सांगतात, आणि त्यात ते 'फक्त ख्रिस्ती असेल ते' अशी अट घालत नाहीत.

दुसरे, मी ते कशासाठी ऐकतो वा गातो? इथे भक्तिगीतही परीक्षेतून सुटत नाही. संत अगस्तीन मिलानच्या चर्चमधील स्तोत्रे ऐकून रडले होते. तरीही पुढे त्यांनी कबूल केले, की ज्याचे गाणे आहे त्यापेक्षा गाण्यानेच मी अधिक हलतो, तेव्हा माझ्याकडून चूक होते. आपला आवाज दिसावा म्हणून गायलेले प्रवेशगीत हेतूने ऐहिकच ठरते. आणि गंमत अशी, की याच अगस्तीन यांना ३८६ मध्ये बागेत बसले असताना शेजारच्या घरातून एका मुलाचा गुणगुणण्याचा आवाज ऐकू आला. हे मुलांच्या एखाद्या खेळातले गाणे आहे काय, असा त्यांना प्रश्न पडला. त्यांनी ती देवाची आज्ञा मानली, पौलाचे पत्र उघडले आणि त्यांचे जीवन बदलले. देवाने त्या क्षणी स्तोत्र वापरले नाही. मुलाचे गुणगुणणे वापरले.

तिसरे, कुठे आणि केव्हा? लग्नात नाचगाणे असावे. प्रभू काना गावी लग्नाला गेलाच होता. पण शेजारी आजारी माणूस असताना मध्यरात्रीपर्यंत भिंती हलवणारा डीजे हा शेजारधर्माचा भंग आहे, मग त्यावर भक्तिगीत वाजत असले तरी.

हात आणि हलगी

आता त्या तरुणाकडे परत येऊ. ख्रिस्तसभा उपासनेतील गायकांकडून सदाचाराची अपेक्षा करते, हे खरे. पण लग्नात वाजवून प्रामाणिकपणे कमावलेली भाकर दुराचार आहे, असे तिने कुठेही म्हटलेले नाही. तो दारू पिऊन वाजवत नाही. वेळेवर सरावाला येतो. उपासनेत कोणते वाद्य असावे, हा प्रश्न वाद्याचा आहे, हाताचा नाही.

आणि मनातले खरे बोलायचे, तर हलगीचा आवाज आपल्याला खुपतो तो केवळ वरातीमुळे का? आपल्या गावांत हलगी कोणाच्या हातात दिली गेली आणि त्या हातांना वेशीबाहेर का ठेवले गेले, हे आपल्या धर्मग्रामात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या वाडवडिलांनी ते भोगले आहे. जी अवहेलना आपण ख्रिस्ताच्या दारात मागे टाकून आलो, ती भक्तीच्या नावाने पुन्हा आत आणू नका. स्तोत्रसंहितेतले शेवटचे स्तोत्र परमेश्वराच्या स्तुतीसाठी वाद्यांची नावे घेते तेव्हा त्यात डफही आहे.

लूकच्या शुभवर्तमानात उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ शेतातून घरी येतो, तेव्हा त्याला आतून गाणे-नाचणे ऐकू येते. त्यामागचे कारण कळल्यावर तो रुसतो आणि बाहेर थांबतो. बाप बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. आपल्या घरी या वेळी कोण बाहेर आणि कोण आत, हे ज्याने त्याने मनाला विचारावे.

गेल्या आठवड्यात मी त्या तरुणाच्या घरी गेलो आणि त्याची क्षमा मागितली. तो येईन म्हणाला आहे. या रविवारी तो आला तर त्याच्याकडे वळून पाहू नका. फक्त त्याच्या ठेक्यावर मोठ्याने गा.

आपल्या धर्मग्रामापुरते

१. मिस्साची गीते मान्य गीतसंग्रहातूनच निवडली जातील. चित्रपटाच्या चाली मिस्सामध्ये नकोत. लग्नाच्या मिस्सालाही हाच नियम.
२. नाताळच्या मिरवणुकीत रस्त्यावर हलगी वाजेल. मिस्सामध्ये हलगी वापरण्याविषयी मी बिशप महोदयांना विचारणार आहे. तोपर्यंत कोणी आपापसात निकाल देऊ नये.
३. ज्या आज्यांना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत, त्यांनी शनिवारच्या सरावाला अवश्य यावे. मुलांना त्या शिकायच्या आहेत.

कुटुंबात बोलण्यासाठी

• या आठवड्यात आपल्या घरात सर्वांत जास्त वेळ कोणते गाणे वाजले? ते लहान मुलाला समजावून सांगताना आपल्याला संकोच वाटेल का?
• मिस्सामध्ये मी गातो, की फक्त ऐकतो?
• कोणाच्या कामावरून वा वाद्यावरून मी त्याची श्रद्धा मोजली आहे का?

संत सिसिलिया, आमच्यासाठी विनंती कर.

आपला ख्रिस्तात,
धर्मग्राम धर्मगुरू