गाडीचे धक्के आणि आपली कंबर

वस्तीतले कितीतरी भाऊ रिक्षा-टॅक्सी चालवतात. रात्री कंबर धरून घरी येतात, गोळी घेऊन झोपतात. या दुखण्याचं एक मूळ गाडीतच असतं.

चाक : रिक्षाची रिम ८ इंची, लहान मोटारीची बहुधा १३-१४ इंची. लहान चाक खड्ड्यात खोल उतरतं, म्हणून धक्का जास्त बसतो. पण हौसेनं मोठी रिम आणि पातळ टायर बसवू नका. टायरमधली हवेची गादी कमी झाली की हादरे वाढतात. हवा कंपनीनं सांगितली तेवढीच भरा.

सीट : फोम दबला की कंबर वाकते, मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण येतो. असा फोम बदला. पाठ टेकवून बसा, कमरेच्या खोलगट भागामागे टॉवेलची गुंडाळी ठेवा. पाकीट मागच्या खिशात नको.

गरोदर ताईंनी बसमध्ये मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट टाळावी, मधली घ्यावी.

तासा-दोन तासांनी उतरून थोडं चाला. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर गोळीवर भागवू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा.