मशीनवरची गोधडी : दोऱ्याची टोके पक्की कशी करावीत?

सुगी आटोपली आणि शेतातील कामे थोडी सैल झाली की घरोघरी जुनी लुगडी, धोतरे बाहेर निघतात आणि गोधड्या शिवायला घेतल्या जातात. पूर्वी हे काम हाताने, धावदोऱ्याने होत असे. आता खेड्यापाड्यांत शिलाई मशीन पोहोचल्याने दहा-पंधरा दिवसांचे काम एक-दोन दिवसांत उरकते. अनेक भगिनी आणि महिला बचत गट गोधड्या शिवून विकूही लागले आहेत. मात्र मशीनवर शिवलेली गोधडी दोन-चार धुण्यांतच उसवते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कापड चांगले असते, टीपही सरळ असते. चूक राहते ती दोऱ्याच्या टोकांत.

टीप का उसवते?

मशीनच्या टाक्यात दोन दोरे असतात, वरचा रिळाचा आणि खालचा बॉबीनचा. दोन्ही दोरे कापडाच्या थरांत एकमेकांत अडकतात, म्हणून टीप मध्येच सहसा सुटत नाही. ती सुटते टोकापासून. पाण्यात भिजलेली गोधडी फार जड होते. ती उचलताना, पिळताना किंवा दगडावर आपटताना सारा ताण टिपेवर येतो. टोक नुसते कापून सोडले असेल तर शेवटचा टाका सैल पडतो, मग त्याच्या अलीकडचा, आणि अशा रीतीने हातभर टीप निघून येते.

आधी आखणी, मग टीप

समजा, 7 फूट लांब आणि 5 फूट रुंद गोधडीवर 2-2 इंचांवर लांबीच्या टिपा घालायच्या आहेत. अशा 29 टिपा होतील. प्रत्येकीची दोन टोके म्हणजे 58 ठिकाणे, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दोरे. एका ठिकाणी गाठ मारून दोरा लपविण्यास 2 मिनिटे धरली, तरी जवळजवळ 2 तास जातील. म्हणून शक्य तेवढी टोके कडेच्या गोटाखाली जातील अशीच आखणी करावी.

यासाठी प्रत्येक टीप गोधडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण न्यावी. दोन्ही टोकांना मशीन मागे-पुढे चालवून टीप पक्की करावी. सर्व टिपा झाल्यावरच गोट लावावा. गोटाची टीप कडेपासून अर्धा इंच आत घ्यावी, म्हणजे प्रत्येक टिपेचे टोक तिच्याखाली दाबले जाते. लोंबणारे दोरे गोट दुमडण्यापूर्वी कापावेत.

मध्येच सुरू होणारी टीप

फूल, चौकट किंवा ठिगळाची नक्षी असेल तर टीप गोधडीच्या मध्येच सुरू होते आणि मध्येच संपते. येथे मागे-पुढे टीप मारल्यास दोऱ्याचा गठ्ठा होतो. तो हाताला टोचतो आणि डोळ्यांनाही दिसतो. अशा ठिकाणी पुढीलप्रमाणे कृती करावी.

1. सुरुवातीला वरचा दोरा डाव्या हातात धरून मशीनचे चाक हाताने एक फेरा फिरवावे. सुई खाली जाऊन वर येते. वरचा दोरा हळूच ओढल्यास बॉबीनच्या दोऱ्याचा फासा वर येतो. तो ओढून दोन्ही दोरे 5 ते 6 इंच मोकळे ठेवावेत.

2. पहिले काही टाके घालताना दोन्ही दोरे धरून ठेवावेत. नाही तर खालच्या बाजूला गुंता होतो.

3. सुरुवातीचा आणि शेवटचा पाव इंच अगदी बारीक टाक्यांनी शिवावा. मधल्या भागात इंचाला 8 ते 10 टाके पुरेत.

4. टीप संपल्यावर 5 ते 6 इंच दोरा ठेवूनच कापावे. गोधडी उलटून खालचा दोरा हलकेच ओढावा. वरच्या दोऱ्याचा फासा दिसताच सुईच्या टोकाने तो खाली काढावा.

5. दोन्ही दोऱ्यांची कापडालगत चौकोनी गाठ मारावी. प्रथम उजवा दोरा डाव्यावरून, नंतर डावा उजव्यावरून घ्यावा. दोरा गुळगुळीत पॉलिएस्टरचा असेल तर आणखी एक फेरा द्यावा. गाठ इतकी आवळू नये की कापडाला चुण्या पडतील.

6. दोन्ही दोरे मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवावेत. शेवटचा टाका जेथे संपतो त्याच छिद्रातून सुई आत घालून, पलीकडे न काढता, थरांच्या मधून एक ते दीड इंच न्यावी आणि त्याच बाजूने वर काढावी. हलका झटका देताच गाठ आत जाते. दोरा किंचित ताणून कापडालगत कापला की टोकही आत सरकते.

सुरुवातीच्या दोऱ्यांनाही अशीच गाठ मारून ते लपवावेत. ते वरच्या बाजूला असल्याने गाठ तेथेच मारावी. दोरा आखूड राहिला असेल तर रिकामी सुई आधी कापडात अर्धी घालावी, मग नेढ्यात दोरा ओवून सुई पुढे ओढावी.

मध्येच बॉबीन संपल्यास

लांब टीप सुरू करण्यापूर्वी बॉबीन भरलेली आहे ना, हे पाहावे. तरीही दोरा मध्येच संपला तर त्यावरूनच टीप पुढे रेटू नये. गाठ मारण्यापुरता दोरा हाती येईल इतके टाके उसवावेत, वरीलप्रमाणे गाठ मारून दोरा लपवावा आणि त्याच छिद्रापासून नवी टीप सुरू करावी.

हे टाळावे

• टोके कापडालगत आधी कापून मग गाठ मारण्याचा प्रयत्न करणे.
• गाठ वरच ठेवणे. वापरात ती घासून सुटते.
• प्रत्येक टिपेनंतर टोके तशीच सोडून सर्व काम शेवटी एकदम करणे. लोंबणारे दोरे पुढच्या टिपेत अडकतात.

विक्रीसाठी गोधडी शिवणाऱ्या भगिनींनी आधी हातभर तुकडा याच पद्धतीने शिवून दोन-तीन वेळा धुऊन पाहावा. गिऱ्हाईक गोधडी उलटून पाहते. मागची बाजू स्वच्छ असेल आणि धुतल्यावर दोरा सुटणार नाही याची खात्री असेल, तर तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पुन्हा येते.