न दुखणारी दुखणी

१. मधुमेह दुखत नाही, याचंच मला जास्त नवल वाटलं. रिपोर्ट हातात धरून मी म्हणालो, "पण डॉक्टर, मला काहीच होत नाहीये!" ते म्हणाले, "म्हणूनच तर तपासतो." शरीर कुरकुरलं की बघू, हा माझा साठीपर्यंतचा हिशेब. या वयातले बरेचसे मोठे आजार कुरकुरतच नाहीत.

२. उपाशीपोटीच्या साखरेला थोडंफार गुंडाळता येतं. आधीचे चार दिवस गोड बंद, फिरणं सुरू, की आकडा सज्जन होतो. आमच्या बागेतल्या कट्ट्यावर या विद्येचे मोठे जाणकार बसतात, मीही त्यांतलाच. एचबीएवनसी मात्र बधत नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर ही चाचणी मोजते. दिवाळीनंतर रक्त दिलंत, तर फराळाचा हिशेब त्यात येणारच. आकडा ६.५ टक्के किंवा त्यापुढे म्हणजे मधुमेह, तिथे घासाघीस चालत नाही.

३. बीपी घरी मोजायचं तर पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. आणि बोलायचं नाही. ही शेवटची अट मला गोळीपेक्षा कडू वाटते.

४. सगळ्यात खजील झालो ते पायांपाशी. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवतो, लागला की सांगा, म्हणाले. मी वाट बघत राहिलो. डोळे उघडले तेव्हा एका पायाची तपासणी आटोपली होती! साखरेने नसा बोथट झाल्या की चपलेतला खडा कळत नाही, फोड कळत नाही, आणि न कळलेली जखम चिघळते. चैत्रात देवळाच्या तापलेल्या फरशीवरून मी अनवाणी सहज चालायचो आणि त्याला भक्ती समजायचो. हृदयाकडच्या नसांचंही असंच होऊ शकतं. मग छातीत कळ न येता, नुसता दम लागून आणि घाम सुटून हार्ट अटॅक येतो. तेव्हापासून रोज रात्री तळवे बघतो. वाकवत नाही, म्हणून आरसा खाली ठेवतो.

५. क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून मूत्रपिंडांच्या बाबतीत निर्धास्त होऊ नये. त्यांचं बरंच काम घटेपर्यंत तो आकडा गप्प राहू शकतो. लघवीतलं अल्ब्युमिन आधी बोलतं.

६. पॅरालिसिसचा झटकाही बहुधा दुखत नाही, आणि त्यामुळेच घरचे म्हणतात, "जरा पडू दे, बरं वाटेल." तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की घड्याळ बघायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे सीटी स्कॅनवर बघावं लागतं. तुमच्या घराजवळ रात्री-अपरात्री सीटी स्कॅन कुठे होतो, तेवढं आजच विचारून ठेवा.